जुनी पत्रं आणि मनीऑर्डरची कुपनं: भिंतीवर लावण्याजोगे फोटो कसे काढावेत?

माजघर:
राजापूरजवळच्या आमच्या घरी आजीची पत्र्याची ट्रंक आहे. आजोबा परळला गिरणीत होते. ट्रंकेत त्यांची पोस्टकार्डं, इनलँड (घडी घालून चिकटवायची, पाकिटाशिवायची पत्रं), एक-दोन तारा आणि दोऱ्यात ओवलेली मनीऑर्डरची कुपनं आहेत. स्कॅन करून ठेवणारच आहे, पण मला त्यांची चित्रं करायची आहेत. मजकूर लागला नाही तरी बघणारा समोर थांबला पाहिजे. जुना डीएसएलआर, 50 मिमी लेन्स आणि ट्रायपॉड आहे. उजेड कसा घेऊ? पार्श्वभूमीला काय ठेवू? गणपतीला घरी जाणार आहे, तेव्हाच उरकू का?

ओटीवरचा:
ताई, गणपतीत ट्रंक उपसू नका. त्या हवेत कार्डं एकमेकांना चिकटलेली असतात, ओढली की शाईचा थर निघून येतो. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की काढा. कसर आणि बुरशी मऊ ब्रशने बाहेर पडवीत झाडा, नाकाला मास्क लावून. जांभळी अक्षरं दिसली तर ती कॉपिंग पेन्सिल असते, पाण्याचा थेंब लागला की पसरते. सेलोटेप, इस्त्री, लॅमिनेशन यातलं काहीही नको.

तिरपा उजेड:
फ्लॅश आणि वरचा दिवा बंद. एकच खिडकी उघडी ठेवा, ऊन थेट नको. पत्र खिडकीशी आडवं ठेवलं की उजेड कागदावरून सरपटत जातो आणि घड्या, टाकाचा दाब, शिक्क्याचा ठसा सगळं वर येतं. जुन्या पाकिटांवरचं छापील तिकीट उठावाचं असतं, ते या उजेडात फारच देखणं दिसतं. इनलँड मात्र खिडकीच्या काचेला लावून मागून उजेड घ्या, आतली आणि बाहेरची अक्षरं एकमेकांत मिसळतात.

कॅमेरा बरोबर समांतर आहे का हे बघायला पत्राच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्स आरशात मधोमध दिसली की झालं. लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ 8 ठेवा, आणि एक्स्पोजर थोडं वाढवा, नाहीतर फिकट कागद करडा येतो. खाली काळा मॅट कागद पुरे. शिंपले, जास्वंद वगैरे मांडू नका, कृपा करून.

डाकवाट:
काळ्या कागदाला माझंही मत. एखाद्या कार्डाचा कोपरा फाडलेला असेल तर ते निधनाची बातमी घेऊन आलेलं कार्ड. क्रॉप करून तो कोपरा घालवू नका, चित्र तिथेच आहे.

क्रम लावायला शिक्क्यावरची तारीख बघा. ती पुसली असेल तर अंदाजाला काही खुणा आहेत: इनलँड 1950 पासूनचं, छापील किंमत आण्यात असेल तर साधारण 1957 च्या आधीचं, पत्त्यात पिन असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचं.

आणि कुपनांबरोबर पोचही शोधा. मनीऑर्डरचं कुपन पैसे घेणाऱ्याकडे राहायचं, त्यावर पाठवणाऱ्याच्या दोन ओळी. पोच सही किंवा अंगठा घेऊन परत पाठवणाऱ्याकडे जायची. म्हणजे आजोबांच्या ओळी राजापुरात राहिल्या आणि आजीचा अंगठा परळला गेला. आजोबांनी पोचा जपून गावी आणल्या असतील तर एकाच महिन्याचं कुपन आणि पोच एका चौकटीत घ्या, मध्ये बोटभर काळी जागा सोडून. अंगठ्याच्या रेषा दिसतील इतक्या जवळून आणखी एक फोटो घ्या. मला विचाराल तर भिंतीवर हेच लावा, बाकीचं अल्बममध्ये.

माजघर:
पोचांचा विचारच मनात आला नव्हता. आजोबांची कागदपत्रं वेगळ्या पिशवीत आहेत, ती बघते. गणपतीत फक्त ट्रंक जमिनीवरून उचलून कोरड्या जागी ठेवते. प्रिंट केवढा करू?

तिरपा उजेड:
जोडीचा फोटो मूळ मापातच, मॅट कागदावर, भोवती रुंद पांढरी कड. अंगठा मात्र हातभर मोठा करा. मूळ कागद फ्रेममध्ये नको, उजेडाने शाई उडते. इथे टाकताना हयात माणसांची नावं, पत्ते झाका.