एसीच्या पोरांना बीएमएस शिकवायचं की नाही? 'पैसे पाण्यात' म्हणणाऱ्या अण्णांना उत्तर

कळंबेकर

बीएमएस म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टीम, इमारतीतले एसी, पंखे, पंप कॉम्प्युटरवरून चालवणारी यंत्रणा. परवा अण्णांनी (उद्यमनगरचा_जुना) इथं लिहिलं, "एसीच्या पोरांना बीएमएस शिकवणं म्हणजे पैसे पाण्यात. ज्याला धड ब्रेझिंग (टॉर्चनं तांब्याचे पाइप जोडणं) जमत नाही त्याच्या हातात माऊस देऊन काय होणार? कॉम्प्युटर बघायला पुण्याचा इंजिनीअर आहे की." खाली बऱ्याच जणांनी "बरोबर बोललात अण्णा" म्हणून दुजोरा दिला. अण्णांच्या हाताबद्दल मी काही बोलणार नाही, कोल्हापुरातले कितीतरी बंद पडलेले कॉम्प्रेसर त्यांनी उभे केलेत. पण हे म्हणणं साफ चुकीचं आहे आणि त्यानं पोरांचं नुकसान होतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

इथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन थिएटरमधली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर जायला लागली. बीएमएसच्या स्क्रीनवर चिल्ड वॉटर सप्लाय (चिलर मशीननं गार करून पाठवलेलं पाणी) 7 अंश, म्हणजे पाहिजे तेवढंच. मग सगळ्यांनी एएचयू (गार पाण्याच्या कॉइलवरून हवा फिरवणारं युनिट) धरला. कॉइल धुतली, फिल्टर बदलले, व्हॉल्व्ह उघडझाप करणारा अ‍ॅक्चुएटर नवा बसवला. फरक काही पडला नाही. चिलरवाला आला, तो म्हणाला गॅस चेक करू. मी पाइपवर थर्मामीटर लावला तर पाणी साडेआठ अंशाच्या आसपास.

हेडरवरचा (चिलरचं पाणी जिथून पुढं जातं त्या मुख्य पाइपवरचा) सेन्सर मधे कुणीतरी बदलला होता, बाजारातून '10के' म्हणून आणून. 10के थर्मिस्टरमध्ये (तापमानाप्रमाणं रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) टाइप टू आणि टाइप थ्री हे दोन प्रकार सर्रास मिळतात. 25 अंशाला दोघांचाही रेझिस्टन्स 10,000 ओहम, त्यामुळं टेबलावर तपासला तर सेन्सर ठणठणीत दिसतो. पण 7-8 अंशापर्यंत खाली गेलं की दोघांत दीड एक अंशाचा फरक पडतो. कंट्रोलरमध्ये टाइप थ्री निवडलेला आणि पाइपात टाइप टू. एकटा चिलर पूर्ण लोडवर चालूनही पुरा पडत नव्हता, आणि हेडर 7 दाखवतोय म्हणून बीएमएस दुसऱ्या चिलरला स्टार्ट देत नव्हतं. पाणी पुरेसं गार नाही, म्हणून हवेतला ओलावा निघत नव्हता.

गॅसवाल्याला गॅस दिसला, सॉफ्टवेअरवाल्याला पुण्यात बसून स्क्रीनवर सगळं हिरवं दिसलं. दोष दोघांच्या मधल्या जागेत होता आणि त्या जागेवर माणूसच नव्हता. तो माणूस म्हणजे आपला एसी टेक्निशियन. रात्री प्लांट रूममध्ये तोच उभा असतो. त्याला हे शिकवलं नाही तर तो काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. सिलेक्टर स्विच 'ऑटो'वरून 'हँड'ला टाकतो आणि निघून जातो. मग व्हीएफडी (फॅनचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असूनही फॅन वर्षभर 50 हर्ट्झवर पळतो. तोच फॅन 40वर चालला तर वीज जवळपास निम्मी लागते, कारण वेग कमी झाला की पॉवर त्याच्या घनाच्या हिशेबात उतरते. ऑटोमेशनवर लाखो रुपये घालून लोक हँडवर प्लांट चालवतायत, आणि दोष पोरांना देतायत.

उद्यमनगरचा_जुना

कळंबेकर, तुझ्याच गोष्टीनं माझं म्हणणं खरं केलंस. दोष कशानं सापडला? थर्मामीटरनं. माऊसनं न्हाई. मी तेच सांगतोय, आधी हातातलं हत्यार नीट धरायला शिकवा.

मी रोज बघतोय ते सांगतो. नवीन स्प्लिट बसवताना नायट्रोजन मारून प्रेशर टेस्ट कुणी करत न्हाई. व्हॅक्यूम पंप गाडीत असतोय पण खाली उतरत न्हाई, गॅस सोडून हवा बाहेर काढायची आणि नट आवळायचा. व्हॅक्यूम मोजायचं मायक्रॉन गेज कशाला म्हणत्यात ते विचारलं तर तोंडाकडं बघत्यात. 500 मायक्रॉनपर्यंत ओढायचं, मग पंप बंद करून धरतंय का बघायचं, हे कुणी शिकवायचं? आता घरोघरी आर-32 गॅस आलाय, तो थोडाफार पेटतोय. भरलेल्या लाइनवर टॉर्च लावणारी पोरं मी डोळ्यानं बघितल्यात. उद्या कुणाचा तरी चेहरा भाजंल. तवा बीएमएस कामाला येणार हाय का?

सरकारनं 2019च्या कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅनात 2022-23पर्यंत एक लाख सर्व्हिस टेक्निशियन तयार करायचं लिहिलं होतं. माझ्या दुकानात येणाऱ्या पोरांकडं बघून मला तरी ते लाख कुठं दिसले न्हाईत.

आयटीआय_पासआउट

अण्णा, टॉर्चचं खरं आहे. पण सगळं आमच्याच डोक्यावर का?

दोन वर्षांच्या ट्रेडमध्ये फ्रिज, विंडो, स्प्लिट, थोडा सेंट्रल प्लांट झाला. डीडीसी (बीएमएसचा कंट्रोलर) पहिल्यांदा बघितला तो नोकरीला लागल्यावर. पॅनेल उघडलं, आत वायरींचा गुंता. सुपरवायझर म्हणाला, "याला हात लावायचा नाही." का नाही, ते त्यालाही माहीत नव्हतं. मी मोबाइलवर बघून बघून शिकलो. आरएस-485ची (कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या लाइनची) वायर एका कंट्रोलरवरून दुसऱ्यावर अशी साखळीनं न्यायची, फाटे फोडायचे नाहीत, दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर, आणि एका लाइनवर दोघांना एकच अ‍ॅड्रेस द्यायचा नाही. एवढ्यावर आमच्या साइटचे निम्मे 'ऑफलाइन' अलार्म गेले. यातलं कुठलं काम इंजिनीअरचं आहे? हे तर वायरमनचं काम आहे.

पण शिकून पुढं काय? लॉगिन केलं तर फक्त बघता येतं. पासवर्ड इन्स्टॉल करणाऱ्या कंपनीकडं. सेन्सरचा प्रकार बदलायचा म्हटलं तरी त्यांचा माणूस यायची वाट बघायची.

राजारामपुरी_फॅसिलिटी

या पोरानं नेमकं दुखणं सांगितलं. मी एका कमर्शियल बिल्डिंगची देखभाल बघतो. सिस्टीम घेताना सांगितलं, "साहेब, बॅकनेट (वेगवेगळ्या कंपन्यांच्या कंट्रोलरची सामाईक भाषा) आहे, ओपन आहे, उद्या कुणाचाही कंट्रोलर जोडा." दोन वर्षांनी एक एएचयू वाढवायचा होता. दुसऱ्या माणसाला बोलावलं तर तो म्हणाला, पॉइंट (सेन्सर-स्विचची रीडिंग) वाचता येतात, पण आतला प्रोग्रॅम बदलायचं टूल त्याच कंपनीच्या लायसन्सचं आहे. मूळ कंपनीनं जे कोटेशन दिलं ते मी मालकासमोर ठेवू शकलो नाही. प्रोग्रॅमचा बॅकअप मागितला, "पॉलिसीत बसत नाही." पॉइंट लिस्ट मागितली तर चार आठवड्यांनी अर्धवट एक्सेल आली.

आणि तुम्ही इथं पोरांच्या ट्रेनिंगवर भांडताय. कुलूपच उघडत नसेल तर ट्रेनिंग घेऊन काय उपयोग?

हिंजवडी_रिटर्न

मी हेच काम करतो. मूळचा शाहूपुरीचा, पुण्यात इंटिग्रेटरकडे (बीएमएस बसवून देणाऱ्या कंपनीत) आहे. 'पुण्याचा इंजिनीअर' म्हणून ज्याला शिव्या पडतायत तो मीच समजा.

पासवर्ड का देत नाही ते ऐका. एका साइटला आम्ही पूर्ण अ‍ॅक्सेस दिला. कुणीतरी सप्लाय एअरचा सेटपॉइंट बदलला, पीआयडीचे (व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरवणाऱ्या गणिताचे) आकडे बदलले, शेड्यूल काढून टाकलं. व्हॉल्व्ह दिवसभर उघडझाप करत राहिला. मालकाचा फोन कुणाला? आम्हाला. वॉरंटीत फुकट जाऊन पुन्हा सगळं ट्यून केलं. साइटवर एकही माणूस "मी केलं" म्हणाला नाही. ज्यानं हे सोसलंय त्याला विचारा पासवर्ड द्यायचा का.

आणि बॅकनेट 1995पासून स्टँडर्ड आहे ते एकमेकांशी बोलण्यासाठी. आतलं लॉजिक प्रत्येकाचं आपापलं. हे कुणी लपवलेलं नाही. खरेदी करताना कन्सल्टंटनं विचारलं नसेल तर तो आमचा दोष नाही.

राजारामपुरी_फॅसिलिटी

लपवलं नाही? विकताना 'ओपन' हा शब्द कितीदा वापरला ते मला पाठ आहे. कुणी बदल केला ते कळत नाही म्हणता, तर प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. ऑपरेटर, टेक्निशियन, अ‍ॅडमिन अशा पातळ्या तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये आहेत. कुणी, कधी, काय बदललं त्याची नोंदही राहते. तुम्ही सगळ्या बिल्डिंगला मिळून एकच 'ऑपरेटर' लॉगिन देता आणि वर म्हणता कुणी कबूल करत नाही.

हिंजवडी_रिटर्न

वेगळी लॉगिन आम्ही करून देतो, साहेब. तुमचे लोक आठवड्यात एकाच नावानं सगळे वापरायला लागतात आणि पासवर्ड मॉनिटरवर चिकटवून ठेवतात. आम्ही काय लुटारू आहोत का? तुमच्याच गावचा माणूस आहे मी.

राजारामपुरी_फॅसिलिटी

गावचा आहेस म्हणूनच जास्त लागलं, भावा. ते कोटेशन हातात आलं तेव्हा लुबाडल्यासारखंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

ओलावा_इचलकरंजी

तुम्हा सगळ्यांना बीएमएस म्हटलं की हॉस्पिटल आणि ऑफिस दिसतं. मी स्पिनिंग मिलमध्ये ह्युमिडिफिकेशन प्लांट बघते. आमच्याकडे ओलावा घसरला की सूत तुटतं, आणि सूत तुटलं की पूर्ण पाळी वाया जाते. त्यामुळं हा माझ्यासाठी हौसेचा विषय नाही.

ऑटोमेशन बसवलं तेव्हा कंपनीनं ट्रेनिंग दिलं. अख्खं इंग्रजीत, स्लाइड दाखवून, दुपारच्या जेवणापर्यंत आटोपलं. आमची माणसं मान हलवत बसली, सह्या केल्या, सर्टिफिकेट मिळालं. आरएच (सापेक्ष आर्द्रता) सेन्सरवर कापसाची कस्पटं बसतात आणि रीडिंग चुकतं, हे त्या शिकवणाऱ्याला माहीतच नव्हतं. आमच्या एका जुन्या ऑपरेटरनं ओल्या-कोरड्या थर्मामीटरवर आरएच काढून दाखवला आणि स्क्रीन खोटं बोलतेय हे सिद्ध केलं. मग मीच पाटीवर मराठीत लिहून शिकवायला सुरुवात केली. सेन्सर कुठं, तो कुणाला सांगतो, कंट्रोलर काय ठरवतो, डॅम्पर (हवेची झडप) नाहीतर पंप काय करतो. लोकांना समजतं. पन्नाशीच्या माणसालाही समजतं. फक्त त्याच्या मशीनवर, त्याच्या भाषेत सांगा.

अण्णा, तुमचा राग मला पटतो, पण शिकवू नका हा त्यावरचा उपाय नाही.

उद्यमनगरचा_जुना

ताई, तुमच्या ऑपरेटरला माझा रामराम सांगा. त्याला ओलं-कोरडं थर्मामीटर येत होतं म्हणून तो स्क्रीनला खोटं पाडू शकला. पाया होता म्हणून. माझं एवढंच म्हणणं हाय.

पासवर्डवाल्यांनी तिकडं मारामारी करा. पण धागा पोरांचा हाय, ध्यानात ठेवा.

हिंजवडी_रिटर्न

ताईंचा मुद्दा मान्य. आमचं ट्रेनिंग बहुतेक वेळा बिल पास व्हायला लागणारा कागद असतो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे. तरीही सांगतो, बऱ्याच तक्रारी आम्ही पुण्यातून रिमोटवर सोडवतो. प्रत्येक साइटवर तज्ज्ञ बसवायची गरज नाही.

कळंबेकर

रिमोट? 2019च्या ऑगस्टमध्ये शिरोलीला हायवे पाण्याखाली होता. 2021च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. रस्ता बंद, लाइट नाही, नेट नाही, आणि बेसमेंटमधल्या पॅनेलपर्यंत पाणी. त्या दिवसांत रिमोटवाला काय करणार होता? ज्यांच्याकडं साइटवर जाणता माणूस होता त्यांनी पाणी यायच्या आत कंट्रोलर काढून वरच्या मजल्यावर नेले, वायरींना नंबर टाकून. दुसऱ्या एका इमारतीत कुणी हात लावायला धजलं नाही, सगळं बुडालं. बेसमेंटमध्ये पॅनेल ठेवणाऱ्या आर्किटेक्टवर मी स्वतंत्र लिहीन.

अण्णा, पाया आधी हे मला मान्य आहे. कधी नाही म्हटलं? पण तुम्ही 'आधी' म्हणता त्याचा अर्थ दरवेळी 'कधीच नाही' असा होतो. ब्रेझिंग पूर्ण यायला दहा वर्षं लागतात. तोपर्यंत पोरानं पॅनेलकडं पाठ करून उभं राहायचं का? आणि सेन्सरचा दोष थर्मामीटरनं सापडला, बरोबर. पण तो थर्मामीटर हेडरवर लावावा हे सुचलं कारण दुसरा चिलर कुठल्या रीडिंगवर सुरू होतो ते मला माहीत होतं. चिलरवाल्याकडं माझ्यापेक्षा चांगला थर्मामीटर होता.

उद्यमनगरचा_जुना

हां. ह्याला उत्तर न्हाई माझ्याकडं. पण कोर्सवाल्यांवर माझा इस्वास न्हाई ते न्हाईच. फी घेत्यात, सर्टिफिकेट देत्यात, पोरगं तसंच्या तसं परत येतंय.

आयटीआय_पासआउट

अण्णा, मग कोर्स नको. उद्यमनगरातच टेबल मांडू. जुना डीडीसी भंगारात मिळतो, मी बघितलाय. एक 0 ते 10 व्होल्टचा अ‍ॅक्चुएटर, दोन्ही प्रकारचे थर्मिस्टर, बर्फाचं पाणी, मल्टिमीटर, एक छोटा व्हीएफडी मॉडबसवर (बॅकनेटसारखीच यंत्रांची दुसरी भाषा). बॅकनेट बघायला 'याबे' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पासवर्डही लागणार नाही, टेबल आपलंच असेल.

उद्यमनगरचा_जुना

जागा माझ्या शेडात देतो. दोन पोरं माझी येतील. पण टेबलाला हात लावायच्या आधी प्रत्येकानं एक जोड पाइपात नायट्रोजन सोडत ब्रेझ करून दाखवायचा, आणि तो मी कापून आतनं काळा पडलाय का बघणार. जमला न्हाई तर घरी.

ओलावा_इचलकरंजी

माझा ऑपरेटर रविवारी येईल. ओलं-कोरडं थर्मामीटर तो शिकवेल. बसभाडं मी देईन.

हिंजवडी_रिटर्न

गावी येतो तेव्हा मी पीआयडी शिकवतो. मोबदला नको.

राजारामपुरी_फॅसिलिटी

तू येच. पण माझा विषय संपलेला नाही. पुढच्या टेंडरमध्ये मी घालणार आहे: अ‍ॅडमिन पासवर्ड, पॉइंट लिस्ट, प्रोग्रॅमची फाइल आणि तो उघडायचं लायसन्स, सगळं हँडओव्हरला. नाही दिलं तर शेवटचं बिल अडकवणार.

हिंजवडी_रिटर्न

पासवर्ड आणि पॉइंट लिस्ट देऊ. वॉरंटी संपल्यावर बॅकअपही देऊ. लायसन्सचे पैसे मात्र वेगळे लागतील, ते आम्हालाही कंपनीला भरावे लागतात.

राजारामपुरी_फॅसिलिटी

वॉरंटी संपल्यावर का? बिल्डिंग पहिल्या दिवसापासून माझी आहे.