पुण्याची नोकरी घ्यावी, की रविवारच्या कामासाठी सोलापुरातच राहावे?

प्रश्न – मागवाला
मी विद्युत शाखेचा पदवीधर असून गेली 11 वर्षे सोलापुरातील एका टॉवेल कारखान्यात देखभाल विभाग सांभाळतो. साध्या यंत्रमागांपासून सुरुवात झाली, आता रेपियर मागांचे (धोट्याशिवाय चालणाऱ्या आधुनिक मागांचे) पॅनेल आणि ड्राइव्ह माझ्याकडे आहेत. पण यापुढे येथे चढायला पायरी उरलेली नाही. पुण्यातील एका कंपनीने प्रकल्प विभागात जागा देऊ केली आहे आणि पगार जवळजवळ दीडपट आहे.

अडचण रविवारची आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या एका कामगाराच्या घरी, नळाला मोटार लावताना त्याच्या पत्नीला जोराचा शॉक बसला; सुदैवाने त्या वाचल्या. मी जाऊन पाहिले, तेव्हा अर्थिंगची तार नळाच्या पाइपला बांधलेली होती आणि मधल्या काळात तो लोखंडी पाइप बदलून प्लॅस्टिकचा झाला होता. तार जागेवर होती, पण तिचा जमिनीशी काहीही संबंध उरला नव्हता. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे नळ सुटला की ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून मोटार लावणे हे पूर्व भागात घरोघरी दिसते. तेव्हापासून आम्ही तिघे-चौघे दर रविवारी दोन-तीन घरे तपासतो, गरज असेल तेथे अर्थिंगचा खड्डा घेतो आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवतो. सामानाचा खर्च आम्ही वर्गणीतून भागवतो. मी गेलो तर हे सारे थांबेल, असे वाटते. ज्यांनी असा निर्णय घेतला आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

उत्तर – निवृत्त_अभियंता
पुण्याचे नंतर पाहू. आधी एक विचारतो. आपल्यापैकी कोणाकडे वायरमनचे परमिट किंवा सुपरवायझरचे प्रमाणपत्र आहे का? अभियांत्रिकीची पदवी असली तरी दुसऱ्याच्या घरी वायरिंग करण्याची परवानगी तिच्यामुळे आपोआप मिळत नाही. ते काम परवानाधारक कंत्राटदारामार्फत आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हायला हवे. फुकट केले म्हणून जबाबदारी टळत नाही. उद्या एखाद्या घरात अपघात झाला, तर शेवटचा हात कोणाचा लागला होता, हेच विचारले जाईल. तेव्हा तपासणी आणि समजावून सांगणे आपण करावे; जोडणीसाठी परवानाधारक माणूस सोबत घ्यावा.

उत्तर – भीमाकाठ
मी सोलापुरातूनच पुण्याला आले, त्याला 9 वर्षे झाली. मागवाला यांच्या लिहिण्यात काळजीबरोबर थोडा अभिमानही मिसळला आहे, असे मला स्पष्टपणे वाटते (माझ्यातही तो होता, म्हणून ओळखू येतो). ‘माझ्याशिवाय थांबेल’ असे जे काम असते, ते चार वर्षांत दुसऱ्या कोणाला शिकवले गेलेले नसते. सोलापुरात आयटीआय आहे आणि इलेक्ट्रिशियन शाखेच्या मुलांना हाताला काम हवेच असते. वर्षभर दोन-तीन मुलांना सोबत फिरवा.

करिअरबद्दल बोलायचे तर, सध्याच्या नोकरीत राहूनही एक वाट आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या ऊर्जा व्यवस्थापकाच्या परीक्षेला तीन आणि ऊर्जा लेखापरीक्षकाच्या परीक्षेला चार पेपर असतात. कापड उद्योगात कॉम्प्रेसर, बॉयलर आणि मोटारी मिळून वीज व इंधन भरपूर खातात, म्हणजे आपला 11 वर्षांचा अनुभव तेथे थेट उपयोगी पडेल. पगाराची दीडपट मात्र पुण्याचे घरभाडे वजा करून पुन्हा मोजावी. मी ती मोजली नव्हती.

उत्तर – साखरपेठ
एक तांत्रिक पुरवणी जोडतो, कारण मी असेच काम करताना यात फसलो आहे. जुन्या घरांत दोन खोल्यांचा न्यूट्रल (विजेची परतीची तार) एकत्र बांधलेला असतो, किंवा कोणीतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडून ठेवलेले असते. अशा ठिकाणी आरसीसीबी बसवला की तो सारखा पडतो, म्हणजे वीज बंद करतो. घरचे दोन दिवस सहन करतात, तिसऱ्या दिवशी जवळचा वायरमन येऊन तो बायपास करून देतो, आणि भिंतीवर नवे उपकरण लखलखत असूनही संरक्षण शून्य राहते. मी बसवलेल्या पहिल्या काही घरांत सहा महिन्यांनी पुन्हा गेलो, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी हेच झाले होते. आधी न्यूट्रल वेगळे करावेत, मग उपकरण बसवावे, आणि महिन्यातून एकदा टेस्टचे बटण दाबून पाहायला घरातील बाईमाणसाला शिकवावे. मोटार त्यांनाच लावायची असते.

मागवाला
सर्वांचे आभार. परमिटचा मुद्दा मी चार वर्षे टाळत आलो होतो, हे मान्य करतो. आमच्यातील एकाकडे वायरमनचे परमिट आहे, परंतु जोडण्या बहुतेक वेळा मीच करत होतो. त्याला पुढे करून मी मागे राहायचे, आणि जोडणीची कामे ओळखीच्या एका कंत्राटदाराच्या परवान्याखाली घ्यायची, असे कालच ठरवले. साखरपेठ यांचे वाचून आमची वही काढली. पहिल्या वर्षी उपकरण बसवलेल्या 31 घरांपैकी एकाही घरी आम्ही परत गेलेलो नाही. पुण्याला उत्तर देण्यासाठी महिनाभर मुदत मागितली आहे. येत्या रविवारी नवे घर न घेता जुन्यांपैकी पहिल्या पाच घरांत जाऊन बटण दाबून पाहणार आहे.