एचिंग, गढी, कामगार : चित्राखालच्या ओळीचे तीन शब्द

वडिलांच्या ट्रंकेत युरोपातलं एक जुनं एचिंग सापडलं. किल्ल्याचं बांधकाम चाललंय, पन्नासेक माणसं राबतायत. फ्रेमखाली मी लिहिलं : 'कोरीव चित्र – गढी बांधणारे कामगार'. बायको म्हणते तिन्ही शब्द चुकले. खरंच?

– वहिनी बरोबर आहेत. आपल्या तांबट आळीत हंड्यावर छिन्नी-हातोडीने नाव घालतात ना, ते कोरणं. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईने फक्त मेण खरवडतात नि पत्रा आम्लात सोडतात. उघडी पडलेली रेघ आम्ल खातं. त्या खाचेत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओलसर कागद ठेवून दाबायचं. म्हणून 'अम्लरेखन'. भिंग लावून बघा : रेघेचं टोक बोथट असेल तर अम्लरेखन, निमुळतं होत गेलं असेल तर कोरलेलं.

– बोथट आहे, काका. पण 'अम्लरेखन' म्हणजे रसायनशास्त्राचा तास वाटतो हो.

– मग सरळ 'एचिंग' लिहा. 'कोरीव' तेवढं नको.

– गढीही नको. नाशिककराला लगेच काझीची गढी आठवणार, दर पावसाळ्यात ढासळणारी. शिवाय गढी म्हणजे पाटील-देशमुखांचा तटबंद वाडा. फौजेसाठी किल्ला सपाटीवर बांधला तर भुईकोट, मालेगावचा आहे तसा. बुरूज गोल आहेत का?

– नाही, बाणाच्या फाळासारखे टोकदार.

– म्हणजे तोफांच्या जमान्यातला. गोल बुरुजाच्या पायथ्याशी शेजारच्या बुरुजावरचा मारा पोचत नाही, अशी जागा उरते. शत्रू नेमका तिथेच सुरुंग लावायला येणार. टोकदार बुरुजाला तो आडोसा राहत नाही.

– आणि कामगार? मला तर सातपूरच्या कारखान्यांची पाळी सुटल्यासारखी वाटते! माणसं नेमकं काय करतायत?

– दोघं-तिघं दगड घडवतायत, एकाच्या हातात ओळंबा. बाकी सगळे खणतायत आणि एकचाकी गाड्यांतून माती वर नेतायत.

– खंदकाची माती तटाच्या भरावाला. मग 'बेलदार' लिहा. फारसीत बेल म्हणजे फावडं, ते चालवणारा बेलदार. आता आपण जातीचं नाव म्हणूनच ऐकतो, पण फौजेबरोबर खणायला, रस्ते करायला बेलदार असायचेच. दगड घडवणारे ते पाथरवट, ओळंबेवाला गवंडी.

– 'एचिंग : भुईकोट बांधणारे बेलदार आणि पाथरवट'. बायकोने पास केलं. डावीकडे लाकडांची उंच चौकट आहे, तिला पहाड म्हणायचं ना?

– आमचा गवंडी परांची म्हणतो.