‘ट्रिक ऑर ट्रीट’ला मराठीत काय म्हणाल?

कोथरूडकर: नातू न्यू जर्सीत पहिलीला आहे. ३१ ऑक्टोबरला हॅलोवीनला भुताचा वेश करून घरोघरी चॉकलेटं मागायला जाणार, म्हणून फोनवर नाचत होता. हे शेजारीच बसले होते. म्हणाले, “आपला नातू भीक मागणार?” माधुकरी म्हणावं तर ती गरीब विद्यार्थ्यांची, भिक्षावळ म्हणावं तर ती मुंजीतली. या मागण्याला शब्द कोणता?

रत्नागिरीकर: पोस्त! शिमग्यात आम्ही ‘आयना का बायना, घेतल्याशिवाय जायना’ म्हणत दारात अडून बसायचो. तेही गोड दरडावणंच. ‘ट्रिक’ म्हणजे खोडी, ‘ट्रीट’ म्हणजे खाऊ; खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू! ‘ट्रिक ऑर ट्रीट’ची छापील नोंद कॅनडात अल्बर्टातल्या ब्लॅकी गावाची सापडते, १९२७ची. पोरांनी गाड्यांची चाकं, फाटकं, पिंपं उचलून भर रस्त्यात आणून ठेवली होती. होळीसाठी लाकडं पळवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

टोरांटोकर: काकू, काकांना सांगा, अमेरिकेत आयोवातल्या डे मॉइनला या संध्याकाळचं नावच ‘बेगर्स नाइट’ आहे, भिकाऱ्यांची रात्र. परंपरेने ती ३० ऑक्टोबरला असायची. पण तिथे पोराने दारात आधी विनोद सांगायचा, मग खाऊ. विनोद बहुतेक वेळा रडका असतो, तरी घरवाले हसतात. स्कॉटलंडच्या ‘गायझिंग’मध्येही, म्हणजे वेश करून घरोघरी जाण्यात, गाणं, कविता असं काहीतरी करून दाखवायची जुनी रीत आहे.

नातवाला मात्र रीतभात आधीच सांगून ठेवा. बाहेरचा दिवा बंद असेल त्या घराची बेल वाजवायची नाही. कुणी वाडगं पुढे केलं तर वरचं एक उचलायचं, तळापर्यंत ढवळत बसायचं नाही. ‘हे नको, ते द्या’ तर नाहीच. पायरीवर वाडगं ठेवून ‘एकच घ्या’ अशी चिठ्ठी लावलेली असते, तिथे खरी कसोटी, कारण बघायला कुणी नसतं. थँक यू म्हणायचं ते वळायच्या आधी. आमची दोघं पुढच्या घराकडे पळता पळता ओरडतात. दारात निळसर-हिरवा भोपळा असेल तर तिथे ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी खाऊऐवजी छोटी खेळणीही ठेवलेली असतात. आणि रीत मोठ्यांनाही आहे बरं का! काही मुलं बोलत नाहीत, त्यांना ‘आधी ट्रिक ऑर ट्रीट म्हण, मग देते’ म्हणून अडवून धरू नये.

नागपूरकर: पोस्तीत पैसे येतात हो, खाऊ नाही. आमच्याकडे भुलाबाईला मुली घरोघरी जाऊन गाणी म्हणतात, डबा हलवून आवाजावरून आतला खाऊ ओळखतात, मग तो मिळतो. कोजागरीपर्यंत चालतं, म्हणजे दिवसही जवळचेच. मी तर ‘खाऊफेरी’ म्हणेन. बोरन्हाणातली ‘लूट’ तेवढी सुचवू नका, पोरं शब्दशः घेतील.

रत्नागिरीकर: खाऊफेरी छान आहे, पण मिळमिळीत. दरडावणी गेली की मजाच गेली.

कोथरूडकर: ह्यांना पोस्त पटली. स्वतः लहानपणी मागायचे, हे आज पहिल्यांदा कळलं. आता नातवाला फोनवर ‘आयना का बायना’ शिकवायला बसलेत. सून म्हणते, शेजारीण दार लावून घेईल.