शिसं डब्यातूनही उतरतं

'शहरातल्या मधात शिसं असतं, म्हणून रानातलाच घ्यावा' असं काहीजण म्हणतात, ते अर्धंच पटतं. एप्रिल २०१९ मध्ये पॅरिसचं नोत्र दाम हे जुनं चर्च पेटलं. छतावर शेकडो टन शिसं होतं. नंतर धूर गेला त्या बाजूच्या मधमाश्यांच्या पेट्यांमधला मध तपासला, तर शिसं वाढलेलं निघालं खरं, पण सर्वांत जास्त आकडा किलोला ०.०८ मिलिग्रॅमच्या आसपास. युरोपची मर्यादा ०.१० आहे. एवढं होऊनही मध मर्यादेतच!

पण मध ठेवतात त्या डब्याबद्दल कुणी बोलताना दिसत नाही. मध आम्लधर्मी असतो, सामू (pH) साधारण ४. जस्ती पत्र्याच्या डब्यात महिनोन् महिने राहिला की जस्त आणि लोखंड त्यात उतरतं आणि जुन्या डाखातून (सांधे जोडायला वितळवून लावलेल्या धातूतून) शिसंही. आमच्या गावी एक काका आग्या माश्यांचा अस्सल रानमध तेलाच्या जुन्या डब्यात भरून ठेवायचे. डाख दिलेल्या सांध्यापाशी तो काळपट पडायचा, जिभेला लोखंडाची चव लागायची, आणि लोक 'औषधी आहे' म्हणून तोच आवडीने न्यायचे.

मर्यादेइतकं शिसं असलेल्या मधाच्या ७ ग्रॅमच्या एका चमच्यातून पोटात जातं ०.७ मायक्रोग्रॅम. मोठ्यांना त्याची फार धास्ती नको. लहान मुलांसाठी मात्र शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही (वर्षाच्या आतल्या बाळाला तर बॉट्युलिझम या जिवाणूंमुळे होणाऱ्या विषबाधेच्या धोक्यामुळे मध चाटवूच नये). सुटा मध घेताना पोळं कुठलं हे सगळे विचारतात, काढल्यापासून कशात ठेवलाय तेही विचारा.