बिंदगी, भगुनं, जर्मन: तुमच्या तालुक्यात काय म्हणतेत?

भांडेवाला, अंबाजोगाई

रामराम मंडळी. अंबाजोगाईत आमचं भांड्यांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. त्यांनी दुकान टाकलं तेव्हा निजामाची अमदानी होती, गावाला मोमिनाबाद म्हणायचे, आणि त्यांच्या वहीतला हिशेब निजामाच्या हाली रुपयांत आहे. आता दुकान मी बघतो. लेक पुण्याला शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आली आणि तिनं सगळ्या मालाचे फोटो काढून फोनवर यादी लावून दिली. भाव, माप, वजन, सगळं नीट. नावं मात्र पुस्तकातली टाकली: पातेले, ओगराळे, कळशी, परात.

चार दिवसांनी केजकडच्या एका वस्तीवरून एका म्हातारीचा बोललेला निरोप आला. नातवाचा फोन असणार. "लेकरा, स्टीलची बिंदगी हाय का? सुनंला पाणी आणायला पाहिजे." मी बँकेत गेलो होतो, फोन लेकीकडं होता. तिनं यादीत बिंदगी शोधली, सापडली नाही, म्हणून लिहून पाठवलं, 'आमच्याकडे नाही.' त्या वेळी मागच्या फळीवर चौदा बिंदग्या होत्या, कळशी या नावाखाली.

मला ते फार लागलं. आमच्या दुकानातून तीन पिढ्यांत कुणाला 'बिंदगी नाही' असं उत्तर गेलेलं नाही.

म्हणून यादी पहिल्यापासून करायलोय. एका वस्तूपुढं मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत चालणारी सगळी नावं लिहायची. तुमच्याकडची नावं सांगा, आणि तालुका लिहायला विसरू नका. रेणापूरचा माणूस आणि गंगाखेडचा माणूस एकाच भांड्याची दोन नावं घेऊन माझ्या दारात येतेत, हे मी रोज बघतो.

सगळ्यात जास्त नावं पाण्याच्या भांड्यांची. पाणी लांबून आणायचं म्हटलं की प्रत्येक भांड्याचं काम ठरलेलं असतं. हंडा चुलीवर, घागर डोक्यावर, बिंदगी कमरेवर, चरवी हातात, तांब्या पाहुण्यापुढं. रांजण दारात अर्धा पुरलेला. दोनशे लिटरचं लोखंडी पिंप ते टिपाड. गच्चीवरची काळी टाकी कोणत्याही कंपनीची असो, ती सिंटॅक्सच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं स्टीलकडं कुणी बघितलं नाही. टिपाडं आणि प्लास्टिकच्या घागरी, एवढंच खपलं. प्लास्टिकची असली तरी तिला बायका घागरच म्हणत होत्या.

दुसरी गोष्ट, धातू बदलतो आणि नाव राहतं. पितळी म्हणजे उभ्या काठाची जेवायची ताटली. नावातच पितळ आहे. पण माझ्या वडिलांकडं लोक 'जर्मनची पितळी', म्हणजे ॲल्युमिनियमची, मागायचे आणि माझ्याकडं 'स्टीलची पितळी' मागतेत. काटवटीचंही तसंच. भाकरी थापायची लाकडी परात ती काटवट, त्यातलं काट म्हणजे काष्ठ, लाकूडच. मी आता ॲल्युमिनियमची विकतो, आणि गिऱ्हाईक बोटानं दाखवून म्हणतं, ती काटवट काढा. लेकीनं तिथं परात लिहिलंय. परात आमच्याकडं वेगळ्या फळीवर आहे.

तर सांगा. पातेल्याला भगुनं कुठंकुठं म्हणतेत? वगराळं की पळी की डाव? उलथनं की उचटणं? सांडशी की पक्कड? फडा मी विकत नाही, पण नाव लिहा, शिंदीच्या केरसुणीला फडा कुठपर्यंत म्हणतेत ते मला जाणून घ्यायचंय.


उदगीरकर

दादा, बिंदगी आमच्या बाजूची. कानडीत बिंदिगे म्हणजे पाण्याची घागर. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. भाषावार राज्यं झाली तेव्हा हे तीन इकडं आले. माझी आजी कर्नाटकातल्या भालकीकडची, आत्या औरादला दिलेली. सोयरीक अशी दोन्हीकडं, मग भांड्याचं नाव एकीकडं कसं राहील? देगलूर-बिलोलीकडं तेलुगूतलं बिंदे ऐकायला मिळतं, तेही त्याच घरातलं.

एक विनंती. बिंदगीपुढं कळशी लिहू नका. आमच्या घरी बिंदगी बारा-पंधरा लिटरची, भरली की बाई एका अंगाला कलते. कळशी तिच्या निम्मी, ती पोरींना शिकायला देतेत. त्या माईला कळशी पाठवली असती तर तिच्या सुनेला दोन खेपा जास्त पडल्या असत्या.

भगुनं उदगीरला सर्रास. उलथनं. सांडशी. फडा आहे.


बीडचं माहेर

भाऊ, माझं माहेर बीड आणि सासर छत्रपती संभाजीनगर. घरात दखनी, शाळा मराठी, त्यामुळं माझ्या तोंडात दोन्हीकडची भांडी आहेत. आमच्याकडची नावं यादीत येतील ना? देगची, रकाबी, सुराही, बदना.

बदना म्हणजे तोटीचा लोटा. नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, वजूसाठी, प्रत्येक घरात असतो. माझ्या सासूबाई गेल्या महिन्यात दुकानात 'बदना दो' म्हणाल्या आणि पोरानं त्यांना बाथरूमचा मग दाखवला. त्या काही न बोलता घरी आल्या. तुमच्या त्या बिंदगीवाल्या म्हातारीची गोष्ट वाचली आणि त्याच डोळ्यांपुढं आल्या.

काही शब्द तर आमचे आहेत की तुमचे, हे सांगताच येत नाही, इतके ते दोन्ही घरांत आहेत. रुमालाला दस्ती. फारसीत दस्त म्हणजे हात, हातात राहते ती दस्ती. माझ्या शाळेतल्या सगळ्या मराठी मैत्रिणी दस्तीच म्हणायच्या. लग्न होऊन एक जण नाशिकला गेली, तिथं तिनं दस्ती मागितली तर घरात कुणाला कळेना. अंथरायचा पलंगपोस, उशीचा गिलाफ, भिंतीतली अलमारी. अलमारी तर मूळची पोर्तुगीज, उर्दूतून फिरत आपल्याकडं आली. भगोन्याचं भगुनं झालं ते इथंच. आमच्या घरी भगोना म्हणतात, शेजारी पाटलांच्या घरी भगुनं, आणि ईदला नि दिवाळीला तेच एक भांडं भिंतीवरून इकडून तिकडं जातं.


कोयता, पाटोदा तालुका

मी ऊसतोडीवरचा. आई-बाप कोयत्यावर जायचे तेव्हापासून, आता मी जातो. दसरा-दिवाळीला निघायचं, उन्हाळा लागताना परत. तुम्ही विकता ती भांडी गाडीत कशी भरतेत ते आम्हाला विचारा.

जड भांडं घरी राहतं. पितळेचं कुलुपात. संगं जातं ते जर्मनचं भगुनं, कारण ते हलकं आणि चोर नेत नाही. एक टिपाड, एक घागर, तवा, काटवट. पूर्वी डालड्याचा डबा नक्की असायचा. पिवळा, त्यावर झाडाचं चित्र. तूप कधीच संपलेलं. त्यात मीठ, नाहीतर बाजरी मापायला, गंजला की परसाकडं न्यायला. माझी आई अजून प्लास्टिकच्या बरणीला डालडा म्हणती. "डालड्यातलं मीठ दे" म्हणाली की बरणी द्यायची.

कोल्हापूरकडं पहिल्यांदा गेलो तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमची कोपी, म्हणजे झोपडी, होती तिथल्या मालकीणबाईनं सांगितलं, ती बारडी आण. मी 'बारा-बारा' करत शोधत बसलो, मला वाटलं काही बारा वस्तू आहेत. बादलीला बारडी म्हणतेत हे कुणी सांगितलंच नव्हतं, आम्ही बकीट म्हणतो. तिथली पोरं हसली. मी मग दर हंगामाला तिकडचे शब्द पाठ करून घ्यायचो आणि गावी येऊन धाकट्या भावाला शिकवायचो, म्हणजे पुढच्या वर्षी त्याला कुणी हसू नये.

बकीट लिहा, मामा. बादली लिहिलं तरी कळतं, पण बकीट लिहा.


जुना मास्तर, परभणी

चांगलं काम हाती घेतलंत. कंपन्यांच्या नावांबद्दल थोडं सांगतो, कारण ती अशुद्ध म्हणून यादीतून गाळायचा मोह होतो आणि तो मोह चुकीचा आहे.

तुमचं 'जर्मन' हे देशाच्या नावावरून आलं. तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूला जर्मन सिल्व्हर म्हणतात. त्यात चांदी नसतेच, फक्त रंग चांदीसारखा. पुढं ॲल्युमिनियमची भांडी आली, तीही पांढरी आणि स्वस्त, आणि लोकांनी तेच नाव त्यांना लावलं. हिंडालियमची कढई तुम्ही विकत असालच. हिंडालियम हे हिंदुस्तान ॲल्युमिनियम या कंपनीनं आपल्या मिश्रधातूला दिलेलं नाव. आता कोणत्याही कारखान्याची जाड कढई हिंडालियमचीच असते.

डालडा बाजारात आला १९३७ साली. सर्फ १९५९, निरमा १९६९. ही नावं घरात का रुजली? वस्तूच नवी होती, तिला आपल्या भाषेत आधीचं नावच नव्हतं. डब्यातलं वनस्पती तूप किंवा कपडे धुवायची पूड आपल्या आजीनं पाहिलेली नव्हती. जी घराघरांत पोचली तिचं नाव त्या सबंध जातीला मिळालं. उलट पाणी आणायच्या भांड्याचं बघा. ते हजारो वर्षांचं, म्हणून तिथं एकाही कंपनीला शिरता आलं नाही. स्टीलच्या घागरीवर कारखान्याचा शिक्का असतो, पण त्या शिक्क्याच्या नावानं घागर कुणी मागत नाही.

ज्यांना अक्षरओळख नव्हती ती माणसं चित्रावरून माल ओळखायची. माकडछाप दंतमंजन, कासवछाप अगरबत्ती. ते चित्र हेच त्यांचं वाचन होतं.

एक सूचना. प्रमाण नाव वर ठेवा, बोलीतली नावं खाली कंसात. मुलांना दोन्ही कळतील.


भांडेवाला, अंबाजोगाई

सगळ्यांचे उपकार. एकेकाला उत्तर देतो.

उदगीरकर, तुमचं ऐकलं. कळशी आणि बिंदगी वेगळ्या ओळींत टाकल्या आणि पुढं लिटर लिहिले. चौदापैकी नऊ बिंदग्या निघाल्या, पाच खरोखर कळशा होत्या. आम्हीच सरमिसळ केली होती.

ताई, बदना, देगची, रकाबी, सुराही चढवली. आमच्याकडं तोटीचा लोटा तांब्याचा आहे आणि स्टीलचाही आहे, दोन्हींखाली पहिलं नाव बदना. सासूबाईंना सांगा, अंबाजोगाईला कधी आल्या तर फक्त 'बदना' म्हणायचं. दस्ती आम्ही विकत नाही, नाहीतर तीही लिहिली असती. ती नाशिकची गोष्ट मी घरी वाचून दाखवली. आमची आई म्हणाली, 'मग ती पोर रुमालाला काय म्हणायला लागली?' कळलं तर सांगा.

पाटोद्याच्या भाच्या, बकीट लिहिलं. तू धाकट्याला शब्द शिकवायचास हे वाचून मी थोडा वेळ गल्ल्यावर तसाच बसलो होतो. कोयत्यावर निघणारी माणसं दसऱ्याच्या आधी आमच्याकडंही येतेत, जर्मनचं भगुनं आणि तवा घ्यायला. ती घासाघीस करतेत तेव्हा मला आजवर फक्त भाव ऐकू यायचा. कोणत्या कारखान्याला चाललेत हे यंदा विचारणार आहे, आणि तिकडं त्या भांड्याला काय म्हणतेत तेही.

मास्तर, तुमची माहिती मी लेकीकडून टिपून घेतली. जर्मनचा उलगडा आम्हाला तीन पिढ्या झाला नव्हता. पण एका गोष्टीत मी तुमचं ऐकणार नाही, राग मानू नका. प्रमाण नाव वर नाही ठेवणार. ही शाळेची यादी नाही, दुकानाची आहे. ज्या शब्दानं दारातलं माणूस वस्तू मागतं तो शब्द वर. पातेले खाली लिहीन, पुण्याच्या सुनांसाठी. कंस मात्र कुणालाच नाही, सगळी नावं एका ओळीत, एका मापाच्या अक्षरात.

आणि त्या माईचं सांगायचं राहिलं. दुसऱ्याच दिवशी मी त्याच नंबरावर फोन केला, माफी मागितली, बिंदगी आहे म्हणून सांगितलं. बाजाराच्या दिवशी ती नातवाला घेऊन आली. तीन बिंदग्या उचलून बघितल्या, बोटाच्या पेरानं वाजवल्या, कमरेला लावून दुकानात चार पावलं चालली. दुसरी पसंत केली. पैसे देताना विचारलं, "हिच्यावर येळणी हाय का रं?"

लेक शेजारीच उभी होती, तिनं माझ्याकडं बघितलं. येळणी मी आईच्या तोंडून ऐकलेली. भांड्यावरची पसरट झाकणी, पुरणाची डाळ वेळताना, म्हणजे तिचं पाणी निथळताना, तोंडाला धरायची ती. येळवणीची आमटी याच वेळण्यातली. मी वरच्या फळीवरून काढली, माईनं बिंदगीवर बसवून बघितली, बरोबर बसली.

येळणी यादीत नव्हती. त्याच संध्याकाळी लेकीनं स्वतः लिहिली, एकोणचाळिसाव्या ओळीत, आणि तिच्यापुढं मोकळी जागा सोडलीय. धारूर, जिंतूर, कळमनुरी, भूम, तुमच्याकडं तिला काय म्हणतेत?