मदत हवी आहे: तीन मुलं, तीन वयं, इतिहास एकच
आमची तिन्ही मुलं घरीच शिकतात. थोरली १२ वर्षांची, मराठी सरसर वाचते. मधला ९ चा, आत्तापर्यंत इंग्रजीत शिकलेला, ‘तह’ शब्दालाच अडला. धाकटी ५ ची, अक्षरओळख चालू आहे.

काल १६६५ चा पुरंदरचा तह घेतला. जमिनीवर किल्ले म्हणून ३५ चिंचोके मांडले, २३ मोगलांकडे सरकवले, महाराजांकडे उरले १२. धाकटी पुन्हापुन्हा मोजत बसली. मधल्याला तह म्हणजे काय ते न सांगता कळलं! थोरलीने विचारलं, "मग हे किल्ले परत कसे घेतले?" मी सांगायला लागले आणि धाकटी दोघं उठून गेली.

गोष्ट तिघांना एकत्रच सांगायची आहे. पण नंतर प्रत्येकाला काय काम देता? मधल्याकडून मराठीत लिहून घेऊ, की सध्या तोंडीच सांगू दे? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.